दुधावर प्रथम अधिकार कोणाचा?

दूध हें निरपवाद पवित्र अन्न, असा आपल्याकडे समज आहे. स्मृति पाहतां तो टिकत नाहीं. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत, व्याल्यास दहा दिवस न लोटलेल्या गाईचें, तसेंच 'विवत्सा' म्हणजे वासरावांचून असलेल्या गाईचें दूध वर्ज्य सांगितलें आहे. दोन्ही ठिकाणीं निषेधाच्या मुळाशीं वासरूं आहे, असें आम्हांस वाटतें. गडचिरोलीकडील माडिया गोंडांत तर गाय दोहण्याची चालच नव्हती; दूध वासराचें, हा त्यांचा न्याय.

आतां माणदेशांतील आटपाडी पाहूं. १९४८ पर्यंत हा औंध संस्थानचा महाल होता. सध्यां तो सांगली जिल्ह्यांतील तालुका आहे. येथील खिलार गाय दूध बेताचेंच देते, आणि तिच्या खोंडास तें बहुधा सर्व पाजीत; प्रसंगीं दुसऱ्या गाईचेंही पाजीत. ही दया म्हणावी काय? कालवडीच्या वांट्यास तितकें दूध येत नसे. खोंड पुढें खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेंत मोल आणावयाचा, म्हणून त्याचा हा मान.

मूळ स्वार्थांत असलें, तरी या आचारास आम्ही हलका लेखीत नाहीं. वासराचें पोट भरून उरेल तें माणसाचें, हा क्रम त्यानें राखिला. नांगर यंत्राकडे गेला, संकरित गाई आल्या, आणि तो क्रम उलटला. नर वासरूं ओझें झालें. वासरूं जन्मतांच दूर सारून जी गाय दोहिली जाते, ती 'विवत्सा' कीं नव्हे, याचा निर्णय दूध पिणारानें स्वतःच करावा.