पाती, प्रत्यय आणि पत्ता

देवास हे गाव एक, पण १९४८ पर्यंत तेथे पवारांची राज्ये दोन होती. तुकोजीरावांच्या वंशाची ती थोरली पाती, जिवाजीरावांच्या वंशाची ती धाकटी पाती. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर १९२१ साली ज्यांचे चिटणीस होते, ते महाराज थोरल्या पातीचे. दरबार दोन असल्यावर नुसत्या ‘देवास’ या शब्दाने पत्ता पुरा कसा व्हावा? नाव कोणते आणि त्याचे विशेषण कोणते, हे निवडूनच तो उलगडावा लागे.

शब्द असा उलगडण्याची विद्या माळव्यात जुनी आहे. भोजशाळा किंवा कमाल मौला मशीद या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या धारच्या वास्तूत परमारकालीन सर्पबंध लेख आहेत. नागाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि क्रियापदांचे प्रत्यय कोरलेले आहेत. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी येथील लेखांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. आधी अक्षरांचा संच ठरवावा, मग कशापुढे काय येऊ शकते ते सांगावे, ही त्या कोष्टकांची रीत.

हीच रीत अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ क्लीनी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात गणिताच्या भाषेत मांडली, आणि केन टॉम्प्सन यांनी १९६८ साली ती संगणकावरील मजकुराच्या शोधासाठी वापरण्याची पद्धत दिली. तिला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. महाजालावरील पत्ता तिच्या एका ओळीत पाच भागांत सुटतो: अपूर्णविरामापर्यंत पद्धती, दोन तिरक्या रेघांनंतर यजमानाचे नाव, पुढच्या रेघेपासून मार्ग, प्रश्नचिन्हानंतर पृच्छा, आणि शेवटी पानातील खूण. २००५ सालच्या प्रमाणलेखात ती ओळ छापलेलीच आहे.

अडचण येते ती अक्षरांच्या संचात. यजमानाचे नाव तपासताना पुष्कळांनी ‘ए ते झेड, अंक आणि संयोगरेषा’ एवढाच संच धरला. २०१४ साली ‘.भारत’ हा देवनागरी प्रत्यय सुरू झाला, तेव्हा तो संच अपुरा ठरला. त्यावर ‘कोणतेही अक्षर’ असे लिहावे, तर काही संगणकभाषा काना-मात्रांना अक्षर मानीतच नाहीत. ‘धार’ ध वर तुटते आणि ‘देवास’ द वर. युनिकोडने या चिन्हांचा वर्ग वेगळा ठेवला आहे. त्या वर्गाचा संचात समावेश केला की दोन्ही नावे अखंड राहतात.