रद्द झालेला नोंदणी-क्रमांक



दुकानाच्या किंवा कारखान्याच्या दारावर धन्याच्या नांवाची पाटी असते, आणि तिच्यावर हल्लीं पंधरा अक्षरांचा एक क्रमांक लिहिलेला असतो. जाणारे-येणारे त्याच्याकडे पाहत नाहींत. मीहि कधीं पाहिला नव्हता. परंतु २०१९ सालच्या नोव्हेंबरांत माझ्या भाच्याच्या लहानशा लेथ-कारखान्याचा हा क्रमांक रद्द झाला, आणि एका घरची चूल अशा क्रमांकावर किती अवलंबून असते हें मला फार जवळून पाहावें लागलें.

या क्रमांकाचा पूर्वेतिहास फार लांबचा नाहीं. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारनें १९३८ सालीं पेट्रोल व वंगण यांच्या विक्रीवर कर बसविला. प्रांतिक सरकारला तसा अधिकार आहे, असा निर्वाळा फेडरल कोर्टानें दिला. मद्रासनें १९३९ सालीं सर्वसाधारण विक्रीकर आणला, आणि मुंबई प्रांतांत तो १ ऑक्टोबर १९४६ पासून सुरू झाला. कर यावयाचा गिऱ्हाइकाच्या खिशांतून आणि भरावयाचा व्यापाऱ्यानें. तेव्हां व्यापाऱ्याची नोंद ठेवणें सरकारला ओघानेंच प्राप्त झालें. पुढें १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा, २००५ पासून मूल्यवर्धित कर आणि १ जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कर अशीं स्थित्यंतरें झालीं. हल्लींच्या क्रमांकांत महाराष्ट्राची खूण म्हणून प्रथम २७ हा आंकडा येतो, नंतर धन्याच्या प्राप्तिकर-क्रमांकाचीं दहा अक्षरें. त्याच धन्याची राज्यांतील ही कितवी नोंद, हें तेरावें अक्षर सांगतें. आणि अगदीं शेवटचें अक्षर पडताळ्याचें असतें. शाळेंत आम्ही मुलांना बेरजेचा ताळा पाहावयास शिकवीत असूं, त्याच जातीचें हें अक्षर आहे.

या करांत माल घेणारा कारखानदार आपण दिलेल्या कराची वजावट मागतो. विकणाऱ्याचा क्रमांक रद्द झाला कीं त्याला बिलावर कर लावतां येत नाहीं, आणि घेणाऱ्याला वजावट मिळत नाहीं. मग मोठें गिऱ्हाईक दुसरीकडे वळतें, आणि त्याला तरी काय बोल लावावा?

भाच्याची चूक होतीच. पत्नीच्या दुखण्यांत त्याचा कारखाना जवळजवळ बंद होता, व सहा महिने लागोपाठ त्यानें विवरणपत्रें भरलीं नव्हतीं. कायद्याच्या कलम २९ मध्यें तेव्हां नेमकी सलग सहा महिन्यांचीच मर्यादा होती. कारण दाखवा नोटीस ई-मेलनें आली. उत्तरास कामाचे सात दिवस. तो ई-मेलचा पत्ता नोंदणी करून देणाऱ्या कारकुनाचा होता, आणि कारकून केव्हांच गांव सोडून गेला होता! मार्च २०२० मध्यें भाचा पुन्हा काम मागावयास गेला, तेव्हां जुन्या गिऱ्हाइकानें संगणकावर पाहून सांगितलें, "अहो, तुमचा नंबर बंद आहे." रद्द केल्याचा आदेश मागें घ्यावा म्हणून कलम ३० खालीं अर्ज करण्यास अवघे तीस दिवस असत. ते कधींच सरले होते; अपिलाचे दिवसहि निघून गेले होते. मागचीं विवरणपत्रें, विलंबशुल्क, थोडा राहिलेला कर व त्यावर शेंकडा १८ व्याज हें सर्व त्यानें पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून भरलें, तरी पोर्टल अर्ज घेईना.

खोट्या पेढ्या उभारून नुसतीं बिलें विकणारे लोक आहेत, आणि त्यांचे क्रमांक रद्द करण्याचा अधिकार सरकारला हवाच, हें मी जाणतों. परंतु आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या माणसाला व त्या ठकाला एकाच तीस दिवसांच्या दोरीनें मोजणें मला तेव्हां अन्यायाचें वाटलें, आजहि वाटतें.

सरकारलाहि अडचण दिसली असावी. २५ जून २०२० रोजीं एक अडचण-निवारण आदेश निघाला. ज्यांना नोटीस ई-मेलनें किंवा पोर्टलावरून दिली गेली, व ज्यांचा क्रमांक १२ जूनपर्यंत रद्द झाला, त्यांचे तीस दिवस ३१ ऑगस्टपासून मोजावे, असें त्यांत होतें. तो आदेश मीं तीनदां वाचला. सप्टेंबरांत भाच्यानें अर्ज केला आणि ऑक्टोबरांत त्याचा क्रमांक पुन्हा चालू झाला. तोच जुना, एकहि अक्षर न बदलतां.

त्यानंतर मुदतीची ही दोरी हळूहळू सैल होत गेली. २०२१ च्या जानेवारीपासून वरिष्ठ अधिकाऱ्यांना ती तीस-तीस दिवसांनीं दोन वेळां वाढवितां येऊं लागली. मद्रास उच्च न्यायालयानें २०२२ च्या जानेवारींत अनेक अर्जदारांचे क्रमांक अटी घालून परत देवविले; मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें २०२३ च्या फेब्रुवारींत, नागरिकाचा व्यापार करण्याचा हक्क नाकारला जाईल असा या कायद्याचा अर्थ लावतां येणार नाहीं, असें म्हटलें. त्याच वर्षीं ३१ डिसेंबर २०२२ पर्यंत विवरणपत्रांअभावीं रद्द झालेल्यांना अर्जाची खास संधि मिळाली. ती प्रथम ३० जून व मग ३१ ऑगस्टपर्यंत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून तीस दिवसांचे नव्वद झाले, आणि पुरेसें कारण दाखविल्यास आणखी १८० दिवसांपर्यंत वाढ मिळूं शकते. मधल्या काळांतील बिलांवरील वजावटीचा घोळ उरला होता; तोहि २०२४ सालीं कलम १६ मध्यें नवें पोटकलम घालून, व तें आरंभापासून लागू धरून, मिटविण्यांत आला.

आदेश मागें घेतल्यावर मधल्या महिन्यांचीं विवरणपत्रें तीस दिवसांत भरावीं लागतात. भाच्याचीं तीं बहुतेक शून्याचींच होतीं. तीं मीं शेजारीं बसून त्याच्याकडून भरून घेतलीं, आणि ई-मेलच्या रकान्यांत त्या कारकुनाचा पत्ता काढून त्याचा स्वतःचा घातला.