नगरचें पाणी आणि नागरिकांचा पैसा

पाणी उतारानें आपोआप वाहतें. पण तें वाहत राहावें म्हणून खर्च कोणास तरी सोसावाच लागतो. नगरच्या नळांचा इतिहास हेंच सांगतो.

मलिक अहमद निजामशहानें १४९४ सालीं अहमदनगर वसविलें. निजामशाहींत कापूरवाडी, वडगांव इत्यादि भोंवतालच्या गांवांहून भुयारी खापरी नळांनीं पाणी शहरांतील हौदांत येई. गाळ काढण्यास वाटेंत उच्छ्वास असत. खर्च दरबारचा. दरबार मोडला, देखभाल सुटली आणि पुष्कळ नळ निकामी झाले.

१८५० च्या कायद्यानें रहिवाशांची इच्छा असेल त्या शहरांस कर बसवून सोयी करण्याची मुभा मिळाली. नगरची नगरपालिका १८५४ ची. जुन्या नळांपैकीं कांहींची दुरुस्ती तिनें केली. राजाच्या जागीं करदाता आला.

२००३ सालीं तेथें महानगरपालिका झाली, २०२४ सालीं शहराचें नांव अहिल्यानगर झालें. आतां पाणी मुळा धरणांतून पंपानें उपसून आणावें लागतें. उताराचें फुकट बळ संपलें. विजेचें देणें मात्र दरमहा उभें असतें. म्हणून पाणीपट्टी हा निव्वळ कर नव्हे. जुन्या दरबाराचें कर्तव्य तिच्या रूपानें घराघरांत वांटलें गेलें आहे. तें चुकलें, तर भरलेल्या धरणाखालींही नळ कोरडे राहतील.