परळची प्रयोगशाळा

ओझरच्या शाळेत गर्भाचा धडा मी मुंबईतल्या परळपासून सुरू करते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी तिथल्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून, तेव्हा भारतातली पहिली मानली गेलेली टेस्टट्यूब बेबी जन्मली. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी हे १९७८मध्येच साधलं होतं. अवहेलनेनं खचून त्यांनी १९८१मध्ये आयुष्य संपवलं. पुढे त्यांची टिपणं अभ्यासून आनंद कुमारांनीच १९९७मध्ये पहिलेपणाचा मान त्यांना दिला.

परळच्याच राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत नंतर मानवी भ्रूणांपासून ‘काइंड-१’ आणि ‘काइंड-२’ या स्टेम सेलच्या मालिका तयार झाल्या. या पेशींतून शरीरातली कुठलीही पेशी घडू शकते. मुलांनो, शोध लावा. पण आनंद कुमारांसारखं आधीच्याचं श्रेय प्रामाणिकपणे त्याला द्या.