ईस्टरचे बाहुलीपट : वर्षातील एका सणासाठी हातांनी घडविलेले चित्रपट

अमेरिकी दूरचित्रवाणीवर १९७० च्या दशकात ईस्टरनिमित्त प्रसारित झालेले दोन बाहुलीपट तेथील अनेक कुटुंबांच्या बालपणाच्या आठवणींचा भाग बनले आहेत. ‘हिअर कम्स पीटर कॉटनटेल’ ४ एप्रिल १९७१ रोजी आणि ‘द ईस्टर बनी इज कमिंग टू टाऊन’ ६ एप्रिल १९७७ रोजी एबीसी वाहिनीवर प्रथम दाखविण्यात आला. त्या दोन्ही वर्षी ईस्टर अवघ्या काही दिवसांवर आला होता. आर्थर रँकिन (कनिष्ठ) आणि ज्यूल्स बास यांच्या ‘रँकिन-बास’ या निर्मितीसंस्थेने हे दोन्ही चित्रपट तयार केले. याच संस्थेचा ‘द फर्स्ट ईस्टर रॅबिट’ १९७६ मध्ये एनबीसी वाहिनीवर आला. मात्र तो बाहुल्यांचा नसून हाताने रेखाटलेल्या चित्रांचा होता.

नाताळने घालून दिलेला साचा

रँकिन-बासला खरी ओळख मिळाली ती नाताळामुळे. ६ डिसेंबर १९६४ रोजी प्रसारित झालेला ‘रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर’ कमालीचा लोकप्रिय ठरला आणि दरवर्षी दाखविण्यात येऊ लागला. न्यूयॉर्कमध्ये कथा, गीते आणि आवाज सिद्ध करायचे व बाहुल्यांचे चित्रीकरण जपानमध्ये करून घ्यायचे, अशी या संस्थेची कार्यपद्धती होती. ‘रुडॉल्फ’चे चित्रीकरण तादाहितो मोचिनागा यांच्या टोकियोतील स्टुडिओत झाले. या तंत्राला संस्थेने ‘अ‍ॅनिमॅजिक’ असे नाव दिले होते.

तंत्र मूलतः साधे, पण कमालीच्या चिकाटीची कसोटी पाहणारे आहे. सांधे वळविता येतील अशी बाहुली छोट्या देखाव्यात उभी करून तिचे एक छायाचित्र घेतले जाते. नंतर तिचा हात, पाय किंवा मान किंचित हलवून दुसरे छायाचित्र टिपले जाते. चित्रपटाच्या एका सेकंदात अशी २४ छायाचित्रे सरकतात. एक स्थिती दोन छायाचित्रांपुरती कायम ठेवली, तरी सेकंदाला १२ आणि ५० मिनिटांच्या चित्रपटासाठी ३६ हजार वेगवेगळ्या स्थिती लागतात. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात काड्यापेटीतील काड्या याच तत्त्वावर पडद्यावर नाचविल्या होत्या.

अवेळी कोणालाच नको असलेली अंडी

‘पीटर कॉटनटेल’ची कथा प्रिसिला आणि ऑटो फ्रीड्रिख यांच्या १९५७ मधील बालपुस्तकावर आधारलेली आहे, शीर्षक मात्र १९५० मध्ये जीन ऑट्री यांनी गायलेल्या लोकप्रिय गीतावरून घेतले आहे. एप्रिल व्हॅलीतील ज्येष्ठ ईस्टर ससा निवृत्त होताना आपली जागा तरुण पीटरला देऊ करतो. मुलाच्या चाकांच्या बुटांखाली शेपूट गमावलेला, म्हणूनच मुलांचा द्वेष करणारा आयर्नटेल त्या पदावर हक्क सांगतो. ईस्टरच्या दिवशी सर्वाधिक अंडी जो वाटेल तो प्रमुख, अशी स्पर्धा ठरते. बढाईखोर पीटर त्या सकाळी झोपून राहतो. पहाटे आरवणाऱ्या कोंबड्याचे तोंड आयर्नटेलने आधीच बंद केलेले असते. आयर्नटेल कसेबसे एकच अंडे देतो आणि तेवढ्यावरच जिंकतो.

चूक सुधारण्यासाठी पीटर कालयंत्रातून निघतो. यंत्र बिघडविण्यात आल्याने ते ईस्टरऐवजी वर्षातील इतर सणांच्या दिवशी उतरते. तेथे ईस्टरची अंडी कोणालाच नको असतात. ४ जुलैच्या अमेरिकी स्वातंत्र्यदिनी तो ती फटाके म्हणून मुलांच्या गळ्यात मारू पाहतो. लबाडी लगेच उघडी पडते. अखेर आयर्नटेल जादूने सारी अंडी हिरवी करतो आणि हीच खेळी त्याच्यावर उलटते. हिरव्या रंगाचे महत्त्व असलेल्या सेंट पॅट्रिक दिनी मुले ती आनंदाने स्वीकारतात. कोणत्याही वस्तूचे मोल तिच्या वेळेशी जोडलेले असते, हे सांगण्यासाठी चित्रपटाला उपदेशाची गरज भासत नाही.

या चित्रपटाचे निवेदन डॅनी के यांनी केले. युनिसेफचे पहिले सदिच्छादूत म्हणून १९५४ मध्ये केलेल्या आशिया दौऱ्यात ते भारतातही आले होते. आयर्नटेलला भयपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या व्हिन्सेंट प्राइस यांचा, तर पीटरला केसी केसम यांचा आवाज लाभला.

१९७७ च्या चित्रपटात नर्तक-अभिनेते फ्रेड अस्टेअर यांनी पोस्टमनच्या रूपात कथा सांगितली. हाच पोस्टमन १९७० मधील ‘सांताक्लॉज इज कमिंग टू टाऊन’ या नाताळपटातही निवेदक होता. केवळ मुलांचे किडव्हिल आणि मुलांना मज्जाव असलेले शेजारचे नगर यांच्यात सनी नावाचा ससा दुवा बनतो. अंडी का रंगवितात, का लपवितात, अशा प्रथांची कल्पित कारणे कथेत येतात.

ईस्टरपट इतके थोडे का?

नाताळपटांच्या तुलनेत ईस्टरपटांची संख्या अल्प राहिली, याला सणाचे स्वरूपही कारणीभूत आहे. नाताळ २५ डिसेंबरला निश्चित असतो आणि त्याचे वातावरण अनेक आठवडे टिकते. ईस्टर मात्र आपल्या तिथीप्रमाणे चंद्रावर अवलंबून असतो. वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपुढील रविवारी तो येतो, त्यामुळे पाश्चात्त्य चर्चमध्ये त्याची तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात बदलत राहते. त्याआधीचे दिवस उपवासाचे आणि गुड फ्रायडेच्या शोकाचे असतात. मृत्यू आणि पुनरुत्थान हा सणाचा गाभा बाहुल्यांच्या विनोदी कथेत बसविणे अवघड होते. दोन्ही चित्रपटांनी तो विषय टाळून ससा आणि अंडी यांच्या लोकप्रथेचा आधार घेतला. वसई, मुंबई आणि गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत ईस्टर म्हणजे प्रामुख्याने शनिवारच्या रात्रीची जागरणविधीची प्रार्थना आणि मार्झिपानची अंडी. ससा तेथे पाहुणाच आहे.

बाहुल्यांचे मोल

मोजक्या दिवसांसाठी घडविलेल्या या बाहुल्या जतन करण्याची वस्तू आहेत, असे त्या काळी क्वचितच मानले गेले. पुढे ही दृष्टी बदलली. ‘रुडॉल्फ’मधील रुडॉल्फ आणि सांता यांच्या मूळ बाहुल्यांना २०२० मधील लिलावात ३ लाख ६८ हजार डॉलर मिळाले. पीटर कॉटनटेल २००५ मध्ये पुन्हा पडद्यावर आला, तो मात्र संगणकाने साकारलेल्या रूपात. आर्थर रँकिन यांचे २०१४ मध्ये आणि ज्यूल्स बास यांचे २०२२ मध्ये निधन झाले.

पूर्वी प्रसारणाची वेळ चुकली, तर प्रेक्षकाला वर्षभर थांबावे लागे. व्हिडिओ कॅसेट आणि डीव्हीडी आल्यापासून हे चित्रपट कोणत्याही दिवशी पाहता येतात. बाहुल्यांच्या चालीतील हलकासा झटका आणि कापडावर उमटणारी कंपने आजच्या संगणकीय प्रतिमांपुढे सहज नजरेत भरतात. प्रत्येक छायाचित्रासाठी तेथे कोणाचा तरी हात पोहोचला होता, याची ती खूण आहे.