दहाचे तीन सेट

गुडघेदुखीसाठी फिजिओकडे जाऊन आलेल्या माणसाच्या घरी बहुधा एक कागद असतो. त्यावर खुर्चीत बसून पाय सरळ करणाऱ्या माणसाचं चित्र, आणि शेजारी पेनाने लिहिलेलं: दहाचे तीन सेट. या आकड्याचं कूळ शोधत गेलं की आपण पोचतो दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, शिकागोतल्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात.

त्याआधी दुखऱ्या सांध्यावर वैद्यकाचा ठरलेला उपाय म्हणजे विश्रांती. लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांचा विश्रांतीचं महत्त्व सांगणारा ग्रंथ १८६३ साली निघाला आणि पुढच्या पिढ्यांनी तो शिरोधार्य मानला. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांनी तर सांधा हलूच नये म्हणून खास स्प्लिंट घडवले. विसाव्या शतकात बराच काळ आमवाताच्या रुग्णाला आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवत.

गार्डिनरमधले तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी ही खाट स्वतः भोगली होती. किशोरवयात त्यांना ऱ्हुमॅटिक फीवर झाला. सांधे सुजवून हृदयालाही धरणारा हा ताप. महिनोन्‌महिने पडून राहण्याचा आणि पुढेही जिवाला जपण्याचा सल्ला त्यांना मिळाला. ते उठले ते वजनं उचलतच. १९४४ च्या सुमारास रुग्णालय गुडघे जायबंदी झालेल्या सैनिकांनी भरलेलं असताना त्यांनी तोच मार्ग धरला. तोवर रिवाज होता हलकं वजन पुष्कळ वेळा हलवण्याचा. डीलॉर्मनी रुग्णाच्या पावलाला लोखंडी बूट बांधला, त्यातून दांडी घातली आणि दांडीला चकत्या लावल्या. जेमतेम दहा वेळा उचलता येईल, अकराव्यांदा नाही, एवढं वजन शोधायचं आणि ताकद येईल तसं ते वाढवत न्यायचं. १९४५ च्या त्यांच्या लेखात दहा-दहाचे सात ते दहा सेट होते. एवढे लागत नाहीत, हे अनुभवाने कळलं. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्यासोबत त्यांनी तीन सेट पुरेसे ठरवले: पहिला अर्ध्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण.

हा उपाय तरण्या सैनिकांचा. झिजलेल्या गुडघ्यांना तो का मानवावा? गुडघ्यात पाणी झालं की मांडीचा पुढचा स्नायू आपोआप ढिला पडतो. १९६५ साली संशोधकांनी गुडघ्यात द्रव भरून हे दाखवून दिलं. दुखतं म्हणून माणूस चालत नाही, न चालल्याने मांडी वाळते आणि सगळा भार सांध्यावर येतो. आपल्याकडे म्हणतात, ‘वंगण संपलंय, आता जपून.’ हे जपणंच महागात पडतं. हाडांच्या टोकांवर जो कुर्चेचा थर असतो, त्याला रक्तवाहिन्या नसतात. दाब पडून सुटतो तेव्हा सांध्यातला पोषक द्रव त्यात झिरपतो.

ठोस पुरावा यायला १९९७ उजाडलं. अमेरिकेत गुडघ्याची झीज झालेल्या साठीपुढच्या ४३९ जणांवर अठरा महिने अभ्यास झाला. काहींना चालायला लावलं, काहींना वजनं दिली, काहींना फक्त माहिती. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, हालचाल सुधारली. फरक माफक होता, पण खरा होता. आणि एक्स-रेत सांधा जास्त झिजल्याचं दिसलं नाही. मला यातलं हे शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण ‘व्यायामाने उरलासुरला गुडघाही जाईल’ या भीतीपोटीच कितीतरी माणसं घरात बसून राहतात. त्या वजनांच्या गटात आकडा बाराचा होता आणि सेट दोनच. म्हणजे दहा-तीनमध्ये मंत्र असा काही नाही.

मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं आणि आज ही विद्या गावोगावच्या दवाखान्यांत पोचली आहे. घरी मात्र आकडा टिकला आणि वाढतं वजन गळालं. वाळूची पिशवी पहिल्या दिवशी एक किलोची, सहा महिन्यांनीही एक किलोचीच. पाय सरळ करून पाच आकडे धरला की सुरुवातीला मांडी थरथरते; थरथर थांबली की स्नायूला करायला नवं काही उरत नाही. डीलॉर्म तिथे चकती वाढवत. सांधा गरम होऊन सुजला असेल तर भार कमी करायचा, ओसरल्यावर पुन्हा चढवायचा. किती, हे फिजिओने पाय पाहून ठरवायचं. म्हणून तो कागद घेऊन पुन्हा त्यांच्याकडे जायला हवं.