रंगाचं रिकामं पिंप कोणाच्या हाती?



सात रस्त्यावर चहा पिताना आमच्यात वाद झाला. कारखान्यांचा घातक कचरा हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे का? आमचं म्हणणं, तो 1928 पासूनच आहे. त्या वर्षीच्या मुंबईतल्या गिरणी संपात बाबासाहेबांनी अस्पृश्य कामगारांना बंद असलेल्या विणकाम खात्याचा प्रश्न लावून धरला. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! म्हणून जास्त मजुरीचं खातं बंद. कोणाच्या वाट्याला कोणतं काम, हे गिरणीतही जातच ठरवत होती.

भोपाळ 1984 साली घडलं. पर्यावरण कायदा 1986 चा, घातक कचऱ्याचे नियम 1989 चे. कर्करोगकारक अमाइन सोडणाऱ्या अझो रंगांवर जर्मनीने 1994 मध्ये बंदी घातली, भारताने 1997 मध्ये. आपल्याकडे घाई निर्यातीची होती. टॉवेल वापरणाऱ्याची कातडी आधी, रंग कालवणारे हात मागाहून.

2016 च्या नियमांनुसार रसायनाने माखलेलं रिकामं पिंपसुद्धा घातक कचरा आहे. ते परवानाधारकाकडेच जायला हवं. भंगारात गेलं, तर काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात ते कोणाच्या दारात पाणी साठवायला उभं राहील, हे सांगायला नको.

याच नियमांत, अशा कचऱ्याच्या पुनर्वापरात राबणाऱ्यांची नोंदणी आणि त्यांच्या आरोग्यावर दरवर्षी देखरेख ही राज्याच्या कामगार विभागाची जबाबदारी आहे. सोलापुरात किती जणांची नोंदणी झाली? माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही लिहायला घेतलाय. सह्यांना या.